एस्तेरचा वन्स मोअर

जेवण जरा जास्तच झालंय. पंखा फिरतोय, डोळे मिटतायत, आणि आयोजक कुलथ्यांचा सकाळचा फोन काही डोक्यातून जात नाही. आज संध्याकाळी, नगरच्या ज्या जुन्या नाट्यगृहात आम्ही पहिल्यांदा वाजवलं तिथेच, आमच्या ‘निवडुंग’ बँडचा सत्कार आहे. एस्तेरच्या फोटोला हार, मग दोन मिनिटं मौन, मग मला शाल. “या वयात गिटार वगैरे कशाला, शांतपणे होऊ दे,” असं कुलथे म्हणाले आणि मी मुकाट्यानं ‘बरं’ म्हणालो.

कूस बदलतो तर गादी लागत नाही, लाकडी फळ्या लागतात. मी स्टेजवर आडवा आहे. पायाशी एस्तेर उजगरे उभी आहे, आमची गायिका, दोन वर्षांपूर्वी वारलेली. अंगावर सदुसष्ट सालची पांढरी साडी, पदर कमरेला खोचलेला, नाकावर राग.

“मौन?” ती म्हणते. “माझ्यासाठी?”

“पद्धत असते तशी.”

“मी कधी गप्प बसले होते रे, प्रल्हाद?”

उठून उभा राहतो तर हे आमचं स्वयंपाकघर आहे. ओट्याच्या पलीकडे खुर्च्यांच्या रांगा आणि त्यांत नगरची माणसं, सगळी तरुण. आमचा पहिलाच कार्यक्रम चाललाय. मिशनच्या शाळेतली बाई गिटार-ड्रमच्या दणदणाटात मराठीत घसा फोडून गाते, हे कुणाला झेपत नाही. गाणं संपतं. मागून कुणीतरी खवचटपणे ओरडतं, “वन्स मोअर!” आणि हशा पिकतो. संगीत नाटकात पद आवडलं की देतात तोच वन्स मोअर, पण हा चिडवायला दिलेला.

मी गिटार खाली ठेवतो. तेव्हाही ठेवली होती.

“उचल,” एस्तेर म्हणते. “रसिकांनी वन्स मोअर दिलाय. नाही कसं म्हणणार?”

ती पुन्हा गाते, आधीपेक्षा जोरात. ते पुन्हा ओरडतात, ती पुन्हा गाते. शेवटी ओरडणाऱ्यांचे घसे बसतात, तिचा बसत नाही. मला हसू येतं आणि लगेच रडू कोसळतं. हिच्या आठवणीनं दोन वर्षं जीव कासावीस होतोय, आणि हिच्याच नावानं मी गप्प बसायला कबूल झालोय.

ती माइक माझ्यापुढे धरते. “आता तू गा.”

“मला कुठे गाता येतं?”

“मला तरी कुठे येत होतं? सगळं नगर तेच म्हणायचं.”

त्या माइकमध्ये करंट उतरायचा. ओठ लागला की सणसणीत झटका, म्हणून एस्तेर त्याला रुमाल गुंडाळायची. आज माइक उघडाच आहे.

“रुमाल कुठाय?”

“मला आता लागत नाही. तुला लागतो?”

मी सरळ ओठ टेकवतो.

“अहो, झोपेत ओरडताय काय?” बायको चहा घेऊन उभी आहे. पहिलाच घोट खालच्या ओठाला झोंबतो. आरशात बघतो तर ओठाच्या मधोमध टपोरा लाल फोड.

“काय चावलं?”

“करंट,” मी म्हणतो आणि कुलथ्यांना फोन लावतो.

“शाल चालेल. मौन रद्द. ती दोन मिनिटं मी गाणार.”

“तुम्ही?” कुलथे चाचरतात. “अहो, लोक हसतील.”

“हसू देत. वन्स मोअर ओरडले तर चार मिनिटं.”