बोंबलाचं कापड कोणतं?

सुकी मासळी विकायला मी कपड्यांच्या दुकानाचं सॉफ्टवेअर घेतलं. तेही वर्षभरासाठी, आगाऊ.

झालं असं, की तलासरीचे एक किराणावाले आमच्या डहाणू रोडच्या दुकानात आले आणि म्हणाले, "भाई, मालाची यादी पाठवा, फोटोसकट. पसंत पडली तर पावसाळ्याचा सगळा साठा तुमच्याकडून." माल म्हणजे आगरला राहणाऱ्या माझ्या सासूबाई सुकवतात ते बोंबील, जवळा, मांदेली. मी लगेच फुशारकीने सासूबाईंना सांगितलं, "ऑर्डर आलीच समजा!" माझ्या शब्दावर त्यांनी बोंबील टांगायला बांबूचा दुसरा मांडव घातला.

आता यादी वहीतून पाठवणं मला शोभेना. मालाची माहिती भरली की कॅटलॉग आपोआप तयार करणारी तीन सॉफ्टवेअरं मी पाहिली. दोन रुक्ष वाटली. तिसऱ्याच्या नमुन्यात अबोली रंगाचा कुर्ता इतका झकास दिसत होता, की मी तेच घेतलं. कुर्त्याच्या जागी बोंबील आला की झालं!

बोंबील आला. पण प्रत्येक चौकट भरल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. साइझ? एक्सएल. रंग? पांढरट. कापड? इथे मी बराच वेळ बसलो आणि शेवटी 'इतर' निवडलं. धुण्याची पद्धत? 'थंड पाण्यात, पिळू नये.' हे मात्र अगदी बरोबर होतं, म्हणून मला हुरूप आला. जवळ्याला तर मी 'इस्त्री नको' असंही लिहिलं आणि कॅटलॉग पाठवून दिला.

तासाभरात तलासरीहून फोन.

"भाई, इस्त्रीचं समजलं. पण बोंबलाला उन्हं किती दिली?"

सुक्या मासळीत पहिला प्रश्न हाच. पण उन्हांची चौकट कॅटलॉगमध्ये नव्हती आणि उत्तर माझ्या डोक्यात नव्हतं.

"मग राहू द्या," ते म्हणाले.

दुसरा मांडव भरलेला होता. सासूबाईंना सांगण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी बोंबलांची एक जुडी फडक्यात बांधली आणि मला म्हणाल्या, "चला."

तलासरीच्या दुकानात त्यांनी फडकं सोडलं, एक बोंबील उचलला आणि मोडला. काडकन वाजला. कच्चा असता तर नुसता वाकला असता. किराणावाल्यांनीही एक मोडला, नाकाशी नेला.

"तीन उन्हं?"

"चार."

संपलं. दोन्ही मांडवांचा माल ठरला.

किराणावाल्यांना हसू आवरेना. "पण मावशी, ते इस्त्रीवालं मशीन यांनी घेण्याआधी तपासलं नाही?"

"ते कसले तपासतात!" सासूबाई फडकं झटकत म्हणाल्या. "आणि त्यांना काय बोलू? जन्मात कधी बोंबील मोडल्याशिवाय घेतला नाही मी. जावई तेवढा न मोडता घेतला."