पेनड्राइव्हमधला माझा आवाज

आमच्या अकोल्यात बस स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी देशाची अर्थव्यवस्था ठरते. एकाच्या हातात मोबाइल असतो, तो बातमी वाचतो आणि बाकीचे माना हलवतात. बाजार उसळला, रुपया घसरला, अमक्या कंपनीनं माणसं काढली, तमक्या शेठनं नवी एआय आणली. ज्याच्याकडे एक शेअर नाही तो सगळ्यात मोठ्यानं बोलतो. त्या दिवशी एक जण म्हणाला, "एआयनं नोकऱ्या जात नाही भाऊ, नव्या येतात. टीव्हीवर सांगून राहिले होते." दुसरा म्हणाला, "हाव. ज्याले नवं शिकाचं नाही, त्याचीच जाते." मी चहा अर्धा टाकून उठलो.

मी भोंगेवाला. ऑटोवर भोंगा बांधून गावभर जाहिराती सांगत फिरलो, जन्मभर हेच केलं. माईक हातात असला की शुद्ध पुस्तकी मराठी, खाली उतरलो की आपली वऱ्हाडी. ऑटो चालवायला माझा एक दोस्त होता. त्याला कुठल्या गल्लीत कुत्रं चावरं आहे आणि कुठल्या गल्लीत पाणी मिळतं, सगळं पाठ.

अर्थव्यवस्था काय असते हे त्या टपरीवरच्या पंडितांनी मला शिकवू नये. गावात काय विकलं जातं आणि कोण बुडतं, हे मला पेपरच्या आधी कळायचं. सुरुवातीला मी सिनेमे सांगितले, सर्कस सांगितली, सरकीचं बियाणं सांगितलं. मग साड्यांचे सेल आले. मग जुना मोबाइल द्या, नवा न्या. मग इंग्लिश मीडियमच्या शाळा आल्या, त्यातल्या एकीच्या मालकाला स्वतःच्या शाळेचं नाव नीट वाचता येत नव्हतं. अलीकडे काय, तर झटपट कर्ज आणि घरबसल्या कमाई. एका कापडवाल्याचा 'दुकान बंद करणे आहे' हा सेल मी दर दिवाळीला सांगत आलो. ते दुकान अजून धडधाकट चालू आहे. टीव्हीवर कोटातला कोणी 'ग्राहकांचा विश्वास वाढला' म्हणाला की मला तो कापडवालाच आठवतो.

एक काम मात्र आम्ही वेगळं ठेवलं होतं, मयतीचं. कोणाच्या घरी माणूस गेला आणि अंत्ययात्रेची वेळ गावाला कळवायची असली, तर ते आम्ही कधी टेप करून वाजवलं नाही. मयत तोंडानं सांगायची. ऑटो हळू, गाणं बंद, दर गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करायचं आणि दोनदा सांगायचं. हा नियम दोस्ताचा. तो म्हणायचा, "अबे, त्या घरचे लोक आयकत असतात. त्याईले वाटलं पाहिजे का आपल्यासाठी कोनी आलं."

ऑटो आणि भोंगे एका जाहिरातवाल्याचे. तिशीतला गडी, दाढी कोरलेली, तोंडात सतत 'बिझनेस मॉडेल'. एकदा मला म्हणाला, "काका, आता गळ्याले आराम द्या. हे दोन पानं मशीनीत वाचून ठेवा, बस." मी वाचली. त्यात ना साडी होती ना सिनेमा, नुसती कुठलीकुठली वाक्यं. त्यानंतर मला बोलावणंच आलं नाही. दोस्त आजारी पडला होता, त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला. आणि माझा आवाज मात्र गावोगाव फिरायला लागला, मी घरी भाजी निवडत असताना.

मला हे कळलं कुठं, तर अमरावतीत. लेकीच्या सासरी गेलो होतो. व्याह्यांसोबत राजकमल चौकात उभा होतो, आणि एक ऑटो आला. "मूळव्याध! भगंदर! विनाऑपरेशन हमखास इलाज!" आवाज माझा. दम घ्यायची जागासुद्धा माझी. हे शब्द मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो; त्या दोन पानांवरून माझा आवाज शिकून मशीनच बोलत होती. व्याही थांबले, ऑटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "व्याही, हे तुमीच ना?" पुढच्या आठवड्यात परतवाड्याहून साडूचा रागाचा फोन. "आमच्या गल्लीत वरडून गेले अन् घरी नाही आले? एवढे मोठे झाले काय?"

जाहिरातवाल्याकडे गेलो. म्हटलं, "माहा आवाज काढून टाक त्या मशीनीतून."

तो हसला. "काका, तुमाले तं खुशी झाली पाहिजे. अख्ख्या वऱ्हाडात पोहोचले तुमी. बातम्या पाहत नाही का? जगात हेच चालून राहिलं."

"जग गेलं खड्ड्यात. आवाज माहा हाय."

"होता," तो म्हणाला, आणि फोन घेतला. फोनवर कोणालातरी तो नांदगाव पेठेत येणाऱ्या कारखान्याच्या भरतीची जाहिरात विकत होता. माझ्याच आवाजात. शी! कोणी आपला घातलेला सदरा ओरबाडून नेऊन आपल्यासमोरच विकावा, तसं झालं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "जाऊ द्या ना, कोन मेलं त्याच्यानं?"

मग दोस्त गेला. बरेच महिने आजारी होता, एका सकाळी गेला. मी त्याच्या घरी जाऊन बसलो. अंगणात रिक्षा स्टँडची माणसं, आत बाया, मी दाराजवळ वहिनींसमोर. मी मनात ठरवलं होतं की थोडं सावरलं की उठायचं, कोणाचा तरी माईक मागायचा आणि गावाला सांगून यायचं. माझ्याशिवाय कोण सांगणार? तेवढं एकच तर राहिलं होतं माझ्याकडे, त्याच्यासाठी करण्यासारखं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. आधी धून, साडीच्या सेलला लावतात ती, उड्या मारणारी. आणि मग मी. "अकोलेकरांनो!" असा लांबवून, फटाक्यासारखा उडवून. मग दोस्ताचं नाव, त्याच उत्साहात. मग 'दुःखद निधन', जणू पन्नास टक्के सूट. चार वाजता अंत्ययात्रा, राहत्या घरून. मागून परत धून.

अंगणातले लोक माझ्याकडे पाहायला लागले. वहिनींचं रडणं थांबलं. त्यांनी दाराबाहेर पाहिलं, मग मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तं इथं बसले. मंग थे कोन बोलून राहिलं?"

अंगाला घाण लागल्यासारखं झालं. चपला न घालताच मी गल्लीत धावलो आणि ऑटोसमोर उभा राहिलो. नवा ड्रायव्हर घाबरला. "काका, मालकानं फुकट करून देलं. स्टँडवाल्याईनं सांगितलं होतं. मी काय करू?" मी हात घालून पेनड्राइव्ह उपटला. धून बंद झाली. म्हटलं, "माईक दे." तर माईकच नव्हता. आता माईक ठेवतच नाहीत म्हणे, लागत नाही.

ठीक आहे. मी ऑटो तिथंच सोडला आणि पायीच निघालो, उघड्या गळ्यानं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबायचं, नाव घ्यायचं, वेळ सांगायची, दोनदा. पण गळा असा बसला होता! कितीक दिवसांत वापरलाच नव्हता, त्यात रडू. पहिल्या दोन गल्ल्यांत कसंबसं निभलं. मग आवाज फाटला, घोगरा झाला, अर्धे शब्द नुसती हवा. तरी सांगत राहिलो. मला वाटलं, निदान हे तरी खरं आहे.

एका दारात एक म्हातारी माय उभी होती. मला मघापासून पाहत असावी. मी दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर तिनं हात करून बोलावलं.

"बापू, काहून जीव देऊन राहिला? आताच तं तो भोंगेवाला सांगून गेला ना."

"माय, भोंगेवाला मीच हाय."

तिनं मला खालीवर न्याहाळलं. अनवाणी पाय पाहिले, फाटलेला आवाज ऐकला. मग मला समजावत म्हणाली, "नाही रे बापा. त्याचा आवाज मी किती वर्सापासून आयकून राहिली. तुले त्याची नक्कल जमत नाही. घरी जाय, पानी पे."

मी तिला हात जोडले. "चार वाजता हाय माय," एवढंच म्हणालो, तेही तिला नीट ऐकू गेलं नसावं, आणि पुढच्या गल्लीत गेलो.