तीसपैकी तीस

"ते पास होतील गं," कांचनकाकू मला म्हणाल्या, "त्याचीच मला भीती वाटते."

काकू इथे अमेरिकेत, प्लेनोत, माझ्यापासून दोन घरं सोडून राहतात. ते म्हणजे त्यांचे यजमान हेमचंद्रकाका, वय त्र्याहत्तर, निवृत्त इंजिनीअर. परीक्षा होती स्मरणशक्तीची, डॉक्टरकडची, आणि काका चक्क तिचा अभ्यास करत होते. इंटरनेटवरून जुने प्रश्न काढले होते. जेवणाच्या टेबलावर बसून कागदावर घड्याळं काढायचे, जिना चढताना शंभरातून सात-सात वजा करायचे. पुण्यात कॉलेजात असल्यापासून हा माणूस तयारी न करता कुठल्या पेपरला बसलेला नाही. काय घोकावं आणि काय घोकू नये हे आपल्या लोकांना कधी कळणार कोण जाणे.

काकूंना शंका आली ती मार्चमध्ये. चाळीस वर्षं इथे काढलेल्या कुठल्याही घरात बोलतात तशीच त्यांच्या घरातली मराठी. गाडी पार्क केली, डिनर स्किप करतो. इंग्रजी शब्द कितीही घाला, त्यांच्या जागा ठरलेल्या. कुणी शिकवत नाही आणि कुणी चुकतही नाही. एक दिवस काका गॅरेजमधून आत आले आणि म्हणाले, "मी केली आत पार्क गाडीला गॅरेज." काकू हसल्या. पुढच्या आठवड्यात, "ऑफ दे लाइट करून." तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत.

नुसतं इंग्रजी बोलताना काका एकदाही अडखळत नव्हते. फोनवर इन्शुरन्सवाल्याची अजून बोलती बंद करायचे. म्हणून मुलगा शंतनू म्हणाला, "आई, ही इज फाइन. यू वरी टू मच." आणि काका रोज दुपारी हायवेवरून सहा वर्षांच्या नातीला, अनयाला, शाळेतून आणत राहिले. दोघं घरी येईपर्यंत काकू खिडकीशी उभ्या असायच्या. स्वतः हायवेवर गाडी घालायचं धाडस त्यांना इतक्या वर्षांत झालं नव्हतं.

डॉक्टरकडे त्यांनी मलाही ओढून नेलं. तीसपैकी तीस. काका बोर्डात आल्यासारखे आमच्याकडे बघायला लागले. डॉक्टर अभिनंदन करून उठले, तरी काकू गप्प. परक्यासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. मला इतका राग आला की मी त्यांना कोपराने ढोसलं.

"डॉक्टर," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "त्यांना माझ्याशी बोलायला सांगा. घरी बोलतो तसं, दोन्ही भाषा मिसळून."

"इथे कशाला?" काका म्हणाले.

डॉक्टर परत बसले. त्यांचे आईवडील हॉलंडहून आलेले, घरात अर्धं डच आणि अर्धं इंग्रजी चालायचं. "कितीही मिसळलं तरी आईचे शब्द आपापल्या जागी असायचे," ते म्हणाले. "एक दिवस ते जागा सोडू लागले. वडिलांच्या लक्षात आलं. मी डॉक्टर असून त्यांचं ऐकलं नाही." मग काकांकडे वळून म्हणाले, "आज घरून इथे कसे आलात, ते बायकोला सांगा."

काका काकूंकडे वळले. "आपण घेतली एक्झिट... मग लेफ्ट मी ती केली... गाडीला टर्न..." थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डॉक्टरांकडे बघून त्यांनी अस्खलित इंग्रजीत अख्खा रस्ता सांगितला, एकेका वळणासकट.

"मला नको. तिला सांगा," डॉक्टर म्हणाले.

घोकलेलं काही कामाला येत नाही, हे काकांनाही कळलं होतं. ते घाबरले होते. मला ते बघवेना, मी मान खाली घातली.

पुढच्या तपासण्यांच्या तारखा ठरल्या. तोवर काकांनी गाडी चालवायची नाही. पार्किंगमध्ये त्यांनी किल्ली काकूंच्या हातात ठेवली. मी चालवते म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "आज तू चालवशील. उद्या अनयाला कोण आणणार?"

हायवेवर चढायच्या रॅम्पवर काकूंनी गाडी अगदी हळू केली. शेजारून ट्रकमागून ट्रक जात होते. मागच्या सीटवर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. काकांनी मान वळवून मागून येणाऱ्या गाड्यांकडे पाहिलं आणि ते एकेकच शब्द बोलायला लागले.

"थांब," ते म्हणाले. "थांब." मग जरा वेळाने, "जा."

काकूंनी गाडी हायवेवर घातली.