एसटीला देतो तशी साईड

लोहारा गावच्या पोरानं लिहिलंय म्हटल्यावर आता सोयाबीन येणार, भाव पडणार, कुणीतरी रडणार, असं वाटलं असंल तुम्हाला. थांबा जरा. इथं ताशी अडीचशेनं गाड्या पळणार हायेत, तेबी झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर. रडणारा मात्र हाय. तो मीच.

दुकानदारानं माळ्यावर जुनी स्टिअरिंगं आणि पेडलं बसवून रेसिंग गेम लावलाय. रविवारी दुपारी सोलापूर, लातूरची पोरं ऑनलाईन येतात आणि एकाच ट्रॅकवर दोन क्लासच्या गाड्या एकदम सुटतात. वरच्या क्लासची गाडी म्हंजे जमिनीवरून पळणारं विमान. खालच्या क्लासची म्हंजे आपल्या रोडवरची कारच, जरा जोरातली. खालच्यानं वरच्याला हरवायचं नसतंय. ज्यानं त्यानं आपल्या क्लासात पहिलं यायचं.

माझ्याकडं दोन कामं. एक, माईकवर कॉमेंट्री, कारण मी कुणाचाबी आवाज काढतो. दुसरं, रेसच्या आधी दोन्ही क्लास स्वतः पळवायचे, कुठल्या वळणावर किती फरक पडतो ते काढायचं आणि ग्रुपवर टाकायचं. त्यावरनं वरचे ठरवतात, ओव्हरटेक कुठं मारायचा.

त्या रविवारी खालच्या क्लासात माझा चुलतभाऊ होता, आमचा दादा. दादा शिटं भरून लोहारा-उमरगा जीप चालवतो. सोलापूरच्या एका टीमचा कॅप्टन बोलला होता, खालच्या क्लासात जो पहिला येईल त्याला आमच्या टीममधी कायमची जागा. दादानं त्यासाठी दुपारची ट्रिप सोडली होती.

आणि मी काय केलं? वरचा क्लास दहा राऊंड मन लावून पळवला. विमान कुणाला नको? खालचा पळवला दोनच राऊंड, तेबी एका हातानं, कंडक्टरचा आवाज काढून पोरांना हसवत. मग ग्रुपवर ठोकून दिलं, "खालचा क्लास सगळ्या वळणांवर लई स्लो. वरच्यांनी बिनधास्त आत घुसा. खालच्यांनी मागून गाडी आली की एसटीला देतो तशी साईड द्या."

आमच्या रोडवर मागून एसटीनं हॉर्न मारला की जीपवाला डावी चाकं डांबरावरनं खाली उतरवतो. दादाच्या हातालाच ती सवय. पण रेसमधी उलटं असतंय. खालच्यानं आपली लाईन, म्हंजे वळणातली ठरलेली वाट, सोडायचीच न्हाय, वरच्यानं जागा शोधायची. हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं, कारण वाक्य झकास वाटलं.

शेवटून दुसरा राऊंड. दादा आपल्या क्लासात पहिला. डावं वळण आलं आणि मागून वरच्या क्लासची लाल गाडी. लालवाला माझं वाचून डावीकडनं आत घुसला. दादानं माझं वाचून डावीकडंच साईड दिली. धाडकन! दादाची गाडी वाळूत.

मी माईकवर काय करावं? दादाचा आवाज काढला, "उमरगा, उमरगा! चला, दोन शिटं!"

सगळे खिदळले. सोलापूरचा कॅप्टन तिकडून ऑनलाईन म्हणाला, "अहो, पण त्यांनी लाईन का सोडली? कुणी शिकवलं हे?"

तिथं खरं बोलायचं होतं. मी परत दादाच्याच आवाजात म्हणलं, "सवय हाय साहेब, रोडची."

दादा शेजारच्याच खुर्चीत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, पायानं चप्पल ओढली. "जातो. साडेचारची शिटं थांबली असतील." एवढंच. जागा लातूरच्या पोराला गेली.

सगळे गेल्यावर मी खालचा क्लास दहा राऊंड नीट पळवला. सरळ रोडवर सात सेकंदाचा फरक. त्या डाव्या वळणावर एकसुद्धा न्हाय. लालवाल्याला आत घुसायला तिथं जागाच नव्हती.

संध्याकाळी दादाच्या घरी गेलो. दादा आला नव्हता. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मोबाईलवर सगळी रेस माझ्या कॉमेंट्रीसकट बघितली होती.

"या भाऊजी. आता कुणाचा आवाज काढताव? माझा काढा की."

"वहिनी, चूक माझी हाय."

"मग मला काय सांगलालाव? मी हाय का टीमची मालकीण? जेवायलाबी आले न्हाईत, तसंच जीपवर गेले. महिनाभर शिटं भरंपर्यंत मोबाईलवर त्या ट्रॅकची वळणं बघत बसायचे. तुमी लिव्हलं म्हणून साईड दिली त्येंनी, तुमच्यावर इश्वास म्हणून! अन् तुमी त्येंच्याच आवाजात त्येंच्याच गळ्यात चूक बांधली? लाज हाय का काय? काढा फोन. लावा त्या सोलापूरवाल्याला. मला ऐकू येऊ द्या."

मी फोन लावला. रिंग गेली. घसा खाकरला.

"नकला करताना न्हाय लागत खाकरायला," वहिनी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "आपल्या आवाजात बोला. अन् मोठ्यानं!"