रातवा मंडळाला बसलेले धक्के

लोक विचारतात, रात्री-अपरात्री डोंगरात सायकली मारून तुम्हाला मिळालं काय? व्यायाम म्हणावा, तर शिरीषचं पोट अजून जागच्या जागी आहे. आम्हाला मिळाले ते धक्के. जुन्या ट्यूबवर पॅचवर पॅच चढत जातात आणि शेवटी रबर कमी, पॅच जास्त असं होतं ना, तसं आमचं झालंय. आता भेटलो की सायकलीचं कुणी बोलतच नाही. एकेक पॅच दाखवत बसतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेलापूर-नेरूळला तेव्हा बिल्डिंगा थोड्या आणि रिकामे प्लॉट जास्त. रस्ते आधी येऊन बसले होते, माणसं यायची होती. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली बाजारात नव्यानंच आल्या होत्या. आम्ही पाच जणांनी त्या मिळवल्या, हँडलला ट्यूबच्या पट्टीनं बॅटऱ्या बांधल्या आणि दर शनिवारी रात्री निघायला लागलो. पारसिकचा डोंगर, खाणीचे कच्चे रस्ते, खाडीचे बांध. ग्रुपला नाव दिलं ‘रातवा’. रात्री उडणारा पक्षी आहे तो. दिवसा आम्ही सगळे नोकरदार.

सावंतकाका सगळ्यात मोठे, पन्नाशीचे, एका केमिकल कंपनीत. ते कायम पुढे. त्यांच्यामागे शिरीष, मूळचा दादरचा. मग विनिता, साताऱ्याची, बँकेत कामाला. मग दशरथ, इथलाच, दिवाळे गावचा कोळी, सरकारी ऑफिसात क्लार्क. आणि सगळ्यात मागे मी, पंक्चरचं सामान घेऊन.

*

पहिला धक्का शिरीषमुळे. त्याच्या भावानं परदेशातून त्याच्यासाठी सायकल आणली होती. झकास! फक्त तिचे ब्रेक उलटे होते. आपल्याकडे उजव्या हाताला पुढच्या चाकाचा ब्रेक, तिकडे डाव्या. हे त्याला पारसिकच्या उतारावर कळलं.

त्यानं मागचा समजून पुढचा ब्रेक दाबला. त्याच्या बॅटरीचा उजेड आकाशात गेला, गोल फिरला आणि विझला. नंतर एक आवाज आला. माणसाचा नव्हता. खाली धावलो, तर रस्त्याच्या कडेला एक तबेला. शिरीष त्याचं गवताचं छप्पर फोडून आत, झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर पडला होता.

मालक कंदील घेऊन आला. शिरीष खाली शेणात बसून कोपर धरून कण्हत होता. मालक त्याच्याकडे बघेना. त्यानं म्हशीच्या भोवती एक फेरी मारली, तिच्या पोटावरून हात फिरवला, कान लावला. मग सावकाश शिरीषकडे वळला.

“गाबन हाय ती.”

शिरीषचा चेहरा असा झाला, की जणू त्यालाच डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय. पुढचे दोन महिने तो दर रविवारी, हाताला प्लास्टर असताना, त्या म्हशीची चौकशी करायला जात होता. व्याली तेव्हा मालकानं त्याला खरवसाला बोलावलं. पारडू धडधाकट होतं. शिरीष तिथं चक्क रडला म्हणे.

*

सावंतकाकांची सिगरेट सुटली ती गोष्ट त्यानंतरच्या थंडीतली.

चढ चढून दमलो होतो. खाणीपाशी एक उघडी शेड दिसली, तिथं थांबलो. आत लाकडी खोकी होती. काका एका खोक्यावर टेकले, मी दुसऱ्यावर चहाचा थर्मास ठेवला. काकांनी सिगरेट पेटवली. दोन झुरके झाले असतील, तेवढ्यात काळोखातून एक माणूस पुढे आला. खाणीचा वॉचमन. ओरडला नाही, धावला नाही. देवघरात बोलावं इतक्या हळू बोलला.

“साहेब, ती टाकू नका. विझवू पण नका. तशीच हातात धरा आणि सरळ माझ्याकडं चालत या.”

काका उठले. हात लांब धरून, पेटलेल्या सिगरेटकडे बघत, एकेक पाऊल टाकत निघाले. आम्ही त्यांच्या मागे. बरंच लांब गेल्यावर वॉचमननं सिगरेट त्यांच्या बोटांतून काढून घेतली, मातीत खुपसली आणि मग मटकन खाली बसला. त्या खोक्यांत सकाळी लावायच्या सुरुंगांची दारू होती.

त्यानंतर काकांनी सिगरेटला हात लावला नाही. काकूंनी त्या वॉचमनला पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. डबा माझ्या हातात देताना म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून मी सांगतेय. त्यानं एका वाक्यात केलं.”

*

दशरथचा धक्का मात्र हसण्यासारखा नव्हता. निदान त्या रात्री तरी.

दिवाळ्याच्या अलीकडे खाडीच्या बांधावरून जात होतो. एका बाजूला तिवरांची झाडी, एका बाजूला चिखल. दशरथ म्हणाला, इथल्या बांधावर मी झोपेत पण चालवीन, आज मी पुढे. थोडं पुढे गेलो आणि त्याचा दिवा गेला. बांध मधेच फुटला होता. तो सायकलसकट खाली.

बॅटरी मारली तर कमरेपर्यंत चिखलात. तो हलला की आणखी खाली जायचा. आणि भरती लागली होती. पाणी तिवरांच्या मुळांतून हळूहळू येताना दिसत होतं. आम्ही त्याला काहीबाही सांगत होतो, तो गप्प होता. खाडीत वाढलेला माणूस गप्प बसलाय, हे बघून मला जी भीती वाटली ती सांगता येणार नाही.

विनिता कुणाला न विचारता कामाला लागली. आमच्या सायकली तिनं चिखलावर आडव्या टाकायला लावल्या, एकीला लागून दुसरी. आमच्यात सगळ्यात हलकी तीच. पोटावर झोपून सायकलींवरून सरकत ती त्याच्यापर्यंत गेली, ओढणी त्याच्या काखेतून घातली, तिला माझ्या सामानातला दोर बांधला आणि त्याचं टोक मागे आमच्याकडे फेकलं. आम्ही ओढायला लागलो. किती वेळ ओढत होतो, देव जाणे. दशरथ बाहेर आला तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. त्याची ती सायकल अजून खाडीतच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई मासळी विकून नुकतीच आली होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. डोळे भरले, विनिताला जवळ घेतलं, तिच्या पिशवीत सुकट भरली. मग आम्हा सगळ्यांकडे बघून हात जोडले.

“एक करा. कोल्याचा पोर खाडीत पडला आनि घाटावरल्या बायनं काडला, हे गावात बोलू नका.”

*

विनिता रात्रीची सायकल चालवते हे तिच्या सासऱ्यांना माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, त्याची ना नव्हती. पण सासरे, म्हणजे आप्पा, गावाकडे राहायचे आणि स्वभावानं जुने, कडक. ते आले की शनिवारी विनिता ‘मैत्रिणीकडे’ जायची.

एकदा कळंबोलीच्या फाट्यावर पहाटे चहाला थांबलो. हायवेच्या कडेला टपरी. विनिताच्या अंगावर ट्रॅकपँट, चेहऱ्यावर चिखल, हातात ग्लास. शेजारच्या बाकावर धोतर-टोपीतले एक म्हातारे बशीतून चहा पीत होते. साताऱ्याकडून येणाऱ्या रात्रीच्या गाडीनं त्यांना तिथं सोडलं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली. विनितानं वळून बघितलं आणि तिच्या हातातला ग्लास पडला.

आप्पा न कळवता आले होते.

ती डोक्यावर पदर घ्यायला गेली. पदर नव्हता. आम्ही चौघं चोरासारखे उभे. आप्पा उठले, तिच्या सायकलपाशी गेले, मागचं चाक दोन बोटांनी दाबून बघितलं.

“सूनबाई, हवा कमी आहे मागं.”

आणि रिक्षा करून निघून गेले. घरी त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. फक्त पुढच्या वेळी गावाहून येताना तांदळाच्या पोत्यासोबत हवेचा पंप आणला.

*

उरणकडे जाणारा रस्ता तेव्हा रात्री अगदी सुनसान असायचा. एका शनिवारी धुकं पडलं होतं. विनिताच्या बॅटरीची पट्टी तुटली, म्हणून तिनं बॅटरी दोरीनं गळ्यात अडकवली. थंडी होती, डोक्यावरून पांढरी शाल घेतलेली. उजेड खालून तोंडावर. आम्हाला काही वाटलं नाही, सवय होती. ती चढावर आमच्या पुढे गेली.

पुढे एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून स्टोव्ह पेटवत होता. त्यानं धुक्यातून जमिनीपासून वर तरंगत येणारं तोंड बघितलं. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं हात जोडले.

“बाई, तुझी काय इच्छा राहिलीय ती सांग. मी पुरी करतो. मला पोरंबाळं आहेत.”

विनिता गारठली होती. तिला त्याचं बोलणं नीट कळलंही नाही. ती म्हणाली, “चहा मिळेल का?”

त्यानं चहा केला, कप जमिनीवर ठेवला आणि मागे सरकला. तेवढ्यात आम्ही चौघं धुक्यातून एकेक करत बाहेर आलो. त्यानं आमच्याकडे बघितलं, मग विनिताकडे. अगदी कळवळून विचारलं,

“सगळे एकदमच गेलात का?”

*

आणि ही शेवटची.

काळोखात कोण मागे राहिलं ते कळत नाही, म्हणून प्रत्येक उतार संपला की काका थांबायचे आणि आम्ही पुढून मागे आकडे म्हणायचो. काका एक, शिरीष दोन, विनिता तीन, दशरथ चार, मी पाच. झालं, निघायचं.

त्या रात्री अमावास्या होती. जुन्या, बंद पडलेल्या खाणीवरून खाली आलो. तिथं खणून खणून मोठं तळं झालंय. आजूबाजूला एक घर नाही. काका थांबले. एक. दोन. तीन. चार. मी म्हटलं, पाच.

माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, “सहा.”

माझ्या पाठीतून जे सरसरत गेलं ते आजही लिहिताना जातं. मला मान वळवता येईना. काकांनी बॅटरी मागे मारली.

साधी काळी सायकल, दिवा नाही. तिच्यावर तिशी-पस्तिशीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, पँटमध्ये खोचलेला, जसा ऑफिसातून निघाला असेल तसा. तोच आमच्यापेक्षा जास्त दचकलेला दिसत होता.

“सॉरी,” तो म्हणाला. “तुम्ही सगळे म्हणत होता, म्हणून मी पण...”

काकांनी विचारलं, कुठून आलात. तळ्यापाशी होतो, म्हणाला. बसलो होतो. तुमचे दिवे खाली जाताना दिसले. मग मागे मागे आलो.

विनितानं आपली बॅटरी खाली केली. तो अनवाणी होता.

“चपला?”

“त्या तिथंच राहिल्या. काठावर.”

दशरथ सायकल स्टँडला लावायला गेला आणि ती पडली, ती त्यानं उचललीही नाही. काकांनी थर्मासमधला चहा ओतला, त्या माणसाच्या हातात दिला. तो पीत असताना काकांनी खालून कप धरून ठेवला.

“चपला राहू द्या,” काका म्हणाले. “उद्या उजेडात आणू. तुम्ही आता मध्ये चला. मागे नको.”

दशरथनं त्याची जादा बॅटरी त्या काळ्या सायकलला बांधली. आम्ही त्याला मधे घेऊन हळूहळू नेरूळला आलो. प्रत्येक वळणावर काका थांबत होते, आणि प्रत्येक वेळी तो आपला आकडा म्हणत होता. आधी पुटपुटत, मग जरा मोठ्यानं. त्याच्या बिल्डिंगमध्ये एकाच घरात दिवा जळत होता. नाव विचारायचं आम्हाला तोवर सुचलं नव्हतं.

सकाळी काका आणि मी तळ्यावर गेलो. चपला होत्या. देवळाबाहेर काढून ठेवतात तशा, शेजारी शेजारी.

पुढच्या शनिवारी आम्ही नेहमीच्या जागी जमलो तर तो आधीच येऊन थांबला होता. सायकलला नवा दिवा. त्याच्याबरोबर त्याची बायको होती, कडेवर पेंगुळलेलं मूल. तिनं आम्हा सगळ्यांकडे बघितलं, मग विनिताला जरा बाजूला घेतलं. मी टायर बघत तिथंच बसलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“तुम्ही मोजता म्हणे सगळ्यांना.”

विनिता म्हणाली, हो.

“नीट मोजा.”