पिवळी भिंत, काळा पट्टा

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आमचं तीन खोल्यांचं मातीचं घर होतं. दर दिवाळीआधी चुन्यात चिमूटभर नीळ टाकून आम्ही ते पोतारायचो. चुलीचा ओटा, त्यामागची भिंत, फडताळ, दारांच्या चौकटी, सगळं एकसारखं पांढरं. सगळ्यांची घरं तशीच असायची.

मी बारा-तेरा वर्षांची असताना मायची नजर जायला लागली. आधी आम्हाला ते कळलंच नाही. ती पातेलं ओट्यावर ठेवायची आणि ते काठावरून खाली पडायचं. भाकरी तव्याच्या बाजूला पडायची. मग एक दिवस तिचा तळहातच तापल्या तव्यावर टेकला. हात भाजल्याचं कळताच अकोल्याहून मामा आला आणि तिला तिकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. बाबा आणि मीही गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही हळूहळू जाईल.

दवाखान्याच्या पायरीवरच मामाने निर्णय सांगून टाकला. "माह्या घरी करणारी दोन बायामाणसं हायेत. बाई एका जागी बसून खाईल. भाऊबीजेले येतो, अन् घेऊनच जातो."

माय त्याची मोठी बहीण, तो तिला बाई म्हणायचा. लग्न होऊन आल्यापासून तिने आपली चूल कोणाच्या हातात दिली नव्हती. पण दुसरा उपाय बाबांकडेही नव्हता.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. गाडी हळू झाली तशी ती गाठोडं उचलून उभी राहिली. "चला, बडनेरा आलं."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. "तुले कसं समजलं?"

"पाटी दिसली ना. पिवळी, अन् त्याच्यावर काळं." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचं तोंड दिसत नाही मले. पाटी दिसते."

बाबा रेल्वेत रंगाऱ्याच्या हाताखाली खलाशी, म्हणजे मदतनीस होते. स्टेशनांच्या त्या पाट्या रंगवणं हे त्यांचं रोजचं काम. पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाजारातून पिवडीची पुडी घेऊन आले आणि चुन्यात कालवून अख्खं स्वयंपाकघर पिवळं करून टाकलं. भिंती, ओटा, फडताळ, काही सोडलं नाही. संध्याकाळचं ऊन आत आलं तेव्हा ती खोली आमच्या घरातली वाटेना.

मायला बोलावलं. ती खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तिथंच थांबली.

"आता मी पाटीच्या आत उभी हाव," ती म्हणाली. "पाटी संपते कुठं?"

बाबांनी हातातला कुंचा खाली ठेवला. पाटी दिसते ती तिच्यावरच्या काळ्यामुळे, हे रोज त्या रंगवणाऱ्या माणसाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

काळं म्हणून त्यांनी डांबर आणलं, तर मायने ते बाहेर ठेवायला लावलं. "माह्या भाकरीले वास येईल." मग चिमण्या आणि कंदिलांची काजळी मी खरवडून गोळा केली, बाबांनी ती जवसाच्या तेलात घोटली. पुढचं काम मायच्या हुकमाने झालं. जिथं तिची वस्तू हरवायची तिथं ती उभी राहायची आणि बोटाने दाखवायची. ओट्याच्या काठाला दोन बोटं रुंद काळा पट्टा. दाराच्या चौकटी काळ्या, उंबरा पांढरा. फडताळ आतून पूर्ण काळं, म्हणजे पितळेची भांडी उठून दिसतील. मधल्या खोलीतल्या खांबावर ती नेहमी आदळायची, त्याला रुळाशेजारच्या खांबांसारखे पांढरे-काळे पट्टे. तिथं मात्र डांबर चाललं. मिठाची पांढरी बरणी फडताळात उजव्या कोपऱ्याला, आणि ती तिथून हलवायची नाही. कोणतीच वस्तू हलवायची नाही. हे पाहायचं काम माझ्याकडे आलं आणि ती सवय आजतागायत सुटलेली नाही.

वस्तीतल्या बायका घर पाहायला येऊ लागल्या. शेजारीण दारातूनच म्हणाली, "काय वो बाई, तुमच्या चुलीवर गाडी किती वाजता येते?"

"वेळेवर येते," माय म्हणाली. "तुमच्या सैपाकासारखी लेट नाही."

शेजारीण हसली, मग आत येऊन हळू आवाजात म्हणाली, "पण सणासुदीले घरात काळं काहून लावलं?"

"पांढऱ्यात मले काही दिसत नाही. काळं लावलं म्हणून भाकर आता तव्यावर पडते."

रंग रेल्वेचा आहे का, असंही कोणी विचारायचं. बाबा उत्तर न देता माझे काजळीने माखलेले हात दाखवायचे.

भाऊबीजेला मामा आला आणि दारातच थबकला. "हे काय करून ठेवलं दाजी? घर हाय का सिग्नलची केबिन?"

"बसा," बाबा म्हणाले. "पाहा."

तो बसला नाही. स्वयंपाकघराच्या काळ्या चौकटीला हात लावून उभा राहिला. माय पुरणाच्या पोळ्या करत होती. तिने पोळी लाटली, तव्यावर टाकली, उलटली, तूप सोडलं. एकदा तिचा हात पट्ट्याच्या पलीकडे गेला, तिथं थांबला आणि मागे आला. मी पुढे सरकले. "तू बस," ती म्हणाली.

ओवाळायला पाट पिवळ्या भिंतीला लावून मांडला. मामा बसला. डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा उन्हाने रापलेला. त्याने टोपी सारखी करायला हात वर नेला.

"टोपीले हात लावू नको," माय म्हणाली. "तिच्या खालीच तुहं कपाळ हाय."

कुंकवाचं बोट काही वेळ हवेत राहिलं आणि मग टेकलं, ते डाव्या भुवईच्या वर. मी सारखं करायला हात पुढे केला तर मामाने माझं मनगट धरलं. "राहू दे."

तो जेवला. निघताना मायच्या सामानाचा विषय त्याने काढला नाही. अंगणात बाबांजवळ उभा राहून म्हणाला, "माह्या घरी सगळं पांढरं हाय, दाजी. काळं तिथं कोणी लावू देणार नाही. बाईले काही सापडणार नाही तिथं." आणि ते वाकडं कुंकू न पुसता तो स्टेशनाकडे चालू लागला.

पुढच्या दिवाळीला माय बाबांना म्हणाली, "पट्टा थोडा रुंद करा." त्याच्या पुढच्या दिवाळीलाही तेच म्हणाली. बाबांनी कधी कारण विचारलं नाही. दर वर्षी काळं वाढत गेलं, पिवळं कमी होत गेलं. काजळी मी जास्त जमवून ठेवायला लागले.

लग्न होऊन मी अमरावतीला गेले. पहिल्या दिवाळीला माहेरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. चुलीमागची भिंत खालपासून वरपर्यंत काळी होती. पिवळं कुठंही उरलं नव्हतं. माय माझ्याकडे पाठ करून चुलीपुढे बसली होती. तिने मान वळवली नाही. "आली का?" म्हणाली; माझी पावलं तिने ओळखली होती.

मी पिशवी खाली ठेवली, मग तिच्या वाटेत नको म्हणून उचलून खुंटीला अडकवली.

"माय, काय करायचं राहिलं?"

"काही नाही. पीठ भिजवून ठेवलं. तू बस." तिचा हात न चाचपडता फडताळाच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि मिठाची बरणी घेऊन परत आला.