जयाला सगळं कळत होतं

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गणपतीला प्रत्येक घराने काहीतरी सादर करायचंच, असा दंडक. गाता येत नसेल तर नाचा, पण सुटका नाही. शेजारच्या जया गुरवला यातलं काहीच येत नव्हतं. तिच्या नवऱ्याने, सुदेशभाऊजींनी, मोठ्या हौसेने तिला माईकपुढे उभं केलं नि म्हणाले, आपलं ते शोधायचं सांग.

भाऊजी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीची कागदपत्रं सांभाळायचे. यंत्र कुईकुई वाजतं म्हणून कामगार संगणकावर शोधणार ‘कुईकुई’, कागदात लिहिलेलं ‘बेअरिंग’. सापडणार काय, कपाळ? जया म्हणाली, माणूस ज्या शब्दाने शोधतो त्याच शब्दाखाली कागद लावा ना. त्यावरून दोघांनी पद्धत बसवली. कुणी काय शब्द टाकला आणि शेवटी कुठला कागद उघडला, हे लक्षात ठेवून संगणकच वर्गवारी बदलायचा. जयाने ते इतकं सोपं करून सांगितलं की मलासुद्धा कळलं. पेटंटचा अर्ज मात्र त्यांनी केला गणपतीनंतर. घ्या!

पुढे जया आजारात गेली. अर्जावर दोघांची नावं होती, आणि तिचं नाव पेटंटवर लागलेलं बघायचं, एवढंच भाऊजींचं उरलं होतं. बोलायचे तेही त्याबद्दलच. कंटाळून लोक जिना बदलायचे मेले. एका बड्या कंपनीने हरकत घेतली, गणपतीतला व्हिडिओ दाखवला. अर्जाआधीच चारचौघांत सांगितलेली गोष्ट नवी कशी? अर्ज फेटाळला. भाऊजी अपिलात गेले.

ठाण्याच्या वकिलांकडे साक्षीदार म्हणून मलाही नेलं. वकील म्हणाले, व्हिडिओत आवाज धड नाही. बाईंना पद्धत कळलेली नव्हती, त्या नुसती गंमत सांगत होत्या, असं तुम्ही दोघांनी लिहून द्या, म्हणजे पद्धत तिथे उघड झालीच नाही असं ठरेल. त्यांचं नाव वगळू, पेटंट तुमच्या एकट्याचं होईल.

भाऊजी म्हणाले, “तिला सगळं कळत होतं. माझ्याआधी कळलं होतं.”

अपील मागे घेतलं त्यांनी. परत आल्यावर कुलूप उघडेनात, दारातच उभे.

“जया असती तर भांडली असती हो माझ्याशी. इतक्या वर्षांची मेहनत वाया घालवलीत म्हणून. आता कुणी भांडतही नाही.”

माझ्या तोंडाला सगळी बिल्डिंग घाबरते. पण त्या दिवशी मी नुसतं त्यांच्या हातातून किल्ली घेऊन कुलूप उघडून दिलं. ते आत गेले आणि दार लावून घेतलं.